सकाळी अकराचा उजेड

समोरच्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहिली, तेव्हा रफूताईंनी तक्रार केली नाही. तिची सावली घरात आली, तीही त्यांनी सोसली. टेबल खिडकीच्या आणखी हातभर जवळ ओढले आणि काम चालू ठेवले. पण अखेर त्या इमारतीला रंग लागला आणि तो पिकलेल्या जर्दाळूचा निघाला, तेव्हा मात्र त्यांनी सुई खाली ठेवली.

“झालं,” त्या म्हणाल्या. “आता खिडकीतून उजेड येत नाही, सरबत येतं.”

त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चीत रेडिओचे पोट उघडून बसले होते. त्यांनी खिडकीकडे पाहिले. “मला तर बरा दिसतोय. प्रसन्न आहे.”

“तुम्हाला प्रसन्न दिसतोय, कारण तुम्हाला त्यात राखाडी कोटाला धागा लावायचा नाहीये.”

रफूताई हे त्यांचे खरे नाव नव्हे, पण गल्लीत दुसरे नाव कोणाला ठाऊकही नव्हते. चौतीस वर्षे त्या रफूचे काम करीत होत्या. कपड्याला कसर लागली, खिळ्याला अडकून तो फाटला किंवा सिगारेटने जळला, की तेवढ्या जागी कापडाची वीण एकेक धागा ओवून पुन्हा विणायची, आणि ती अशी की मालकालाही भोक कुठे होते ते शोधावे लागावे. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या. हात सहा महिन्यांत बसला. नजर बसायला सहा वर्षे लागली. कारण अर्धे काम सुईचे आणि अर्धे काम धागा निवडण्याचे. नव्या कपड्याचे सोपे असते. आतल्या शिवणीतून त्याचाच धागा ओढायचा आणि त्यालाच लावायचा. पण जुना कपडा वरून उन्हाने विटलेला असतो आणि आतून मात्र नव्यासारखा गडद राहतो. घरचाच धागा घरच्याच कापडावर परका दिसतो. तेव्हा त्याच्या जोडीला बाहेरचा धागा शोधावा लागतो, आणि त्यासाठी रफूताईंच्या कपाटात पत्र्याचे एकोणीस डबे होते. त्यातल्या एकात नुसते राखाडी होते.

यजमानांची गोष्ट वेगळी. ते टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. खात्यात प्रत्येक बिघाडाची नोंद वहीत करावी लागे: तारीख, जागा, काय बिघडले, काय केले, किती वाजता मिटले. खाते सुटले, वही सुटली नाही. आता तिच्यात ‘स्वयंपाकघरातला नळ. गळती. वॉशर बदलला. १०.४०’ अशा नोंदी होत्या, आणि एके ठिकाणी ‘शेजारचा कुत्रा. सतत भुंकणे. कारण समजले नाही. आपोआप मिटले’ अशीही एक होती. घरातले काहीही बिघडलेले त्यांना चालत नसे, आणि न बिघडलेले तर त्याहून चालत नसे.

जर्दाळूच्या भिंतीवर तोडगा धाकटीने सुचवला. ही त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि रोज संध्याकाळी फोन करायची. “आई, फोनवरून चालणारे बल्ब मिळतात. पांढरा, पिवळा, हवा तसा उजेड करता येतो. दोन आण, टेबलावर लाव.”

“फोनवरून कशाला? भिंतीवर बटण आहे की,” लाइनमन मागून म्हणाले.

“बटणानं दिवा लागतो, बाबा. रंग बदलत नाही.”

रफूताईंनी ते ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत राखाडी धाग्यांचा पुठ्ठा टाकून त्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेल्या. त्यांचा गुडघा दुखरा असल्याने लाइनमन सोबत होते. शिवाय विजेची खरेदी आपल्यावाचून व्हावी, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

दुकानाच्या एका भिंतीवर तीसेक दिवे जळत होते, आणि दुकानदार त्यांचा अभिमान असल्याच्या थाटात उभा होता.

“हा बघा, काकू. एक कोटी साठ लाख रंग.” त्याने फोनवर बोट फिरवले. दिवा जांभळा झाला, हिरवा झाला, गुलाबी झाला.

“मला त्यातला एकच हवा,” रफूताई म्हणाल्या.

“कुठला?”

“सकाळी अकराचा. आभाळ पांढरं असताना, उत्तरेच्या खिडकीतला.”

दुकानदाराने लाइनमनकडे पाहिले. लाइनमननी खांदे उडवले. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी यापेक्षा अवघड मागण्या ऐकल्या होत्या.

मग पुठ्ठा बाहेर निघाला. त्यावर अकरा राखाडी धागे शेजारी शेजारी गुंडाळलेले होते. दुकानदाराला ते तीन वाटले. रफूताई एकेका दिव्याखाली पुठ्ठा धरून उभ्या राहत, मान तिरपी करीत, आणि पुढे जात. दुकानदाराने खोके वाचून दाखवले: रंग किती खरे दिसतात याचा आकडा असतो, शंभरापैकी, या दिव्याचा ऐंशी, त्याचा नव्वद, आणि हा महागडा, सत्त्याण्णव.

“आकडा ज्यानं दिवा केला त्यानंच छापलाय ना?” रफूताई म्हणाल्या. “मग तो राहू दे. माझे राखाडी काय म्हणतात ते बघू.”

सातव्या धाग्यात हिरव्याची झाक होती आणि आठव्यात जांभळ्याची. बहुतेक दिव्यांखाली ते जुळे भाऊ दिसत. नव्वदवाल्याखाली चुलत भाऊ दिसले. महागड्याखाली मात्र दोघांची ओळखही नसावी इतके वेगळे झाले. रफूताईंनी पुठ्ठा मिटला. त्याच जातीचा साधा दिवाही होता. पण त्यात दोनच पांढरे होते, एक निळसर आणि एक पिवळसर, आणि त्यांना हवा होता तो नेमका मधला. म्हणून फोनवाले दोन घेतले.

“आकडा बरोबर होता म्हणायचा,” बाहेर आल्यावर लाइनमन म्हणाले.

“होता. पण मी त्याला विचारलं नव्हतं.”

दिवे जोडणे ही लाइनमनची बाजू. त्यांनी पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टी टेबलावर मांडली, चष्मा पुसला आणि खोके उघडून आत हात घातला. हात रिकामा बाहेर आला.

“अगं, तार कुठाय?”

“तार नसते, बाबा,” फोनवर धाकटी म्हणाली. आई-बाबा दोघे पडद्यावर दिसावेत म्हणून तिने त्यांना फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायला लावला होता.

“तार नाही, तर मग जोडायचं काय?”

“बल्ब होल्डरला लावा. आता बटण तीनदा चालू-बंद करा. लुकलुकतोय? छान. आता फोनमध्ये वाय-फाय निवडा. दोन नावं दिसतील. शेवटी पाचचा आकडा नसलेलं घ्या.”

“पाचवालं जास्त वेगाचं आहे असं इथं लिहिलंय.”

“आहे. पण बल्बला ते कळत नाही.”

“नवीन वस्तू, आणि जुनीच लाइन लागते?” लाइनमनना बरे वाटले. “म्हणजे आमच्या खात्यातलाच आहे हा. घ्या, पासवर्ड टाकला. नाही म्हणतोय.”

“पहिलं अक्षर मोठं.”

“मोठंच टाकलं होतं. फोननंच लहान केलं.”

तासाभराने दोन्ही दिवे लागले. त्यानंतरचे काम रफूताईंचे होते, आणि ते त्यांनी रविवारवर ढकलले. रविवारी सकाळी अकराला आभाळ त्यांना हवे तसे पांढरे होते. राखाडीचा पुठ्ठा घेऊन त्या कठडा धरत एक जिना उतरल्या, आपल्या इमारतीच्या दाराशी मोकळ्या उजेडात तो डोळे भरून पाहिला, पुन्हा वर आल्या, दिव्याखाली धरला. “अजून थोडा निळा. नाही, जास्त झाला. मागे या.” सहा वेळा त्या उतरल्या आणि चढल्या. सहाव्या खेपेला वरचे आणि खालचे राखाडी एक झाले. धाकटीने तो उजेड फोनमध्ये जपून ठेवला आणि त्याला नाव दिले, ‘आई अकरा’. भिंतीवरचे बटण कोणी बंद करू नये म्हणून लाइनमननी त्यावर चिकटपट्टी लावली आणि वहीत नोंद केली.

पुढचे सहा आठवडे रफूताई जणू चाळिशीच्या झाल्या. धागा पहिल्याच नजरेला सापडायचा. पूर्वी त्या प्रत्येक निवड खाली दाराशी जाऊन पडताळत असत. गुडघ्याला कष्ट नकोत म्हणून ते हळूहळू सोडून दिले. गरजच पडत नव्हती.

सातव्या आठवड्यात पहिला कपडा परत आला.

मास्तर स्वतः घेऊन आले. मास्तर म्हणजे चौकातले शिंपी. रफूताईंकडे येणारे तीन चतुर्थांश काम त्यांच्यामार्फत यायचे. माणूस गोड बोलणारा, आणि म्हणूनच त्यांचे वाईट बोलणे लक्षात राहणारे.

“ताई, राग मानू नका. गिऱ्हाईक म्हणतंय, गुडघ्यावर डाग दिसतो.”

राखाडी पँट होती. रफूताईंनी ती जिन्यात नेऊन पाहिली. वीण बिनचूक होती. पण मधला चौकोन तांबूस दिसत होता, नखाएवढा, आणि एकदा दिसला की न दिसणे अशक्य. त्यांना आपल्याच हातचे काम ओळखू येईना.

मग निळा ब्लेझर आला. मग हिरवा स्वेटर, मग काळ्या कोटाला लागलेला गर्द निळा धागा. पाचवे तपकिरी जाकीट. तीन आठवड्यांत पाच. चौतीस वर्षांत मिळून एवढे परत आले नव्हते.

रफूताईंनी पँट आणि जाकीट दुरुस्तीला ठेवून घेतले, बाकीचे तीन मास्तरांकडे परत धाडले. पण त्यांच्या वडिलांनी चौसष्टाव्या वर्षी एका मरून रंगाच्या कोटात लाल धागा विणला होता आणि दुसऱ्या दिवशी डबे बांधून ठेवले होते, ते त्यांना आठवू लागले. त्या स्वतः त्रेसष्टच्या होत्या.

मंगळवारी दुपारी मास्तर पुन्हा आले. या वेळी हातात परतीचे काही नव्हते, नवे होते. एका व्हायोलिन वाजवणाऱ्या गृहस्थांचा कोट, राखाडीत निळा मिसळलेला, वाद्य टेकून टेकून डाव्या गळपट्टीशी झिजून विरलेला.

“रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे. समोर पाचशे माणसं, आणि अंगावर झगझगीत दिवे.”

“नको, मास्तर. दुसऱ्या कोणाला द्या.”

मास्तरांनी कोट खुर्चीच्या पाठीवर घातला. “दुसरं कोण आहे? पलीकडे मशीनवाला आहे. तो मागून ठिगळ चिकटवतो. कोट वाचेल, पण पाटी लावल्यासारखा दिसेल.” त्यांनी कोटाची बाही सरळ केली. “शुक्रवारी सकाळी येतो. झालं तर उत्तम. नाही झालं तर त्याच्याकडे टाकतो, आणि मग ताई, तुम्ही खरंच विश्रांती घ्या. खूप केलंत.”

हे ‘खूप केलंत’ त्यांना परत आलेल्या पाच कपड्यांपेक्षा जास्त लागले. दार लावून त्या आत आल्या, आणि कोटाला हात न लावता त्यांनी नमुनावही काढली.

या वहीत प्रत्येक कामाचा एक धागा चिकटवलेला असे आणि शेजारी चार शब्द: कपडा, तारीख, आणि धागा दुपारी चारच्या चहाआधी निवडला की चहानंतर. ही वडिलांची शिस्त. थकलेल्या डोळ्यांनी निवडलेल्या धाग्यावर विश्वास ठेवू नये, असे ते म्हणत. शेवटची नोंद करून वही बंद करावी असा त्यांचा विचार होता. पण चौतीस वर्षांची सवय. बंद करण्याआधी एकदा चाळावी म्हणून चाळली. परत आलेल्या पाचांपैकी चार ‘चहानंतर’ होते.

त्यांनी मागची पाने पाहिली. आधीच्या सहा आठवड्यांतही चहानंतरचे अकरा होते, आणि अकराच्या अकरा चोख. मग दोष चहाचा नाही, थकव्याचाही नाही. डोळे उतरतात ते जिन्यासारखे, एकेक पायरीने. हे तर कोणीतरी कड्यावरून ढकलल्यासारखे झाले होते. चहानंतरचा शेवटचा चोख धागा पंधरा तारखेचा होता आणि पहिला फसलेला अठराचा.

“अहो,” त्यांनी हाक मारली, “गेल्या महिन्यात पंधरा ते अठराच्या दरम्यान घरात काय झालं होतं?”

असा प्रश्न विचारला जावा याची लाइनमन निवृत्तीपासून वाट पाहत असावेत. “थांब,” म्हणत ते उठले, वही आणली, बोट फिरवले आणि ठसठशीत आवाजात वाचू लागले.

“सोळा तारीख. दिवा क्रमांक एक आणि दोन. भिंत पुसताना बटणावरची पट्टी निघाली. बटण तपासले, तीनदा चालू-बंद. दिवे लुकलुकू लागले. दोन्ही नव्याने जोडले. कोणाचीही मदत न घेता.” या ओळीखाली रेघ मारलेली होती. “फोनने विचारलेल्या सर्व प्रश्नांना होय. चार वीस. बिघाड मिटला.”

वाचता वाचता त्यांचा आवाज शेवटच्या शब्दाशी खाली आला.

“सर्व प्रश्नांना होय?” रफूताईंनी विचारले.

“मग काय नाही म्हणायचं? एवढं विचारतोय माणूस… म्हणजे, फोन.”

“तीनदा चालू-बंद कशाला केलं?”

“बटण तीनदाच तपासतात. एकदा केलं तर योगायोग, दोनदा केलं तर शंका. बत्तीस वर्षं तेच केलंय.”

त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दिव्यांचे पान उघडले. ‘आई अकरा’ कुठेच नव्हते. त्याच्या जागी एक ओळ होती: दिवसाच्या वेळेनुसार प्रकाश आपोआप बदलतो. सकाळी पांढरा, दुपारी पांढरा, चारनंतर हळूहळू पिवळा, सातला मेणबत्तीसारखा. शेजारी हिरवी खूण.

लाइनमननी फोन टेबलावर उलटा ठेवला. मग म्हणाले, “पाच कपडे माझ्यामुळे गेले.”

“थांबा. आधी बघू.”

“बघायचं काय आता? लिहिलंय की.”

“मला जे हवं होतं तेच सापडलंय,” रफूताई म्हणाल्या. “म्हणून तर दोनदा बघायचं. आणि दिवा एवढा पिवळा होत होता, तर मला कसा दिसला नाही?”

याचे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले. बुधवारी दिव्यांना कोणी हात लावायचा नाही असे ठरले. रफूताईंनी कोटाला जवळचे बारा धागे काढले. लाइनमननी ते बारा चिमट्यांना लावले, चिमट्यांना आकडे दिले आणि आकडे स्वतःच्या वहीत ठेवले, म्हणजे निवडणाऱ्याला आपण आधी काय निवडले ते कळू नये. दर ठरलेल्या वेळी चिमटे उलटसुलट करून ते टेबलावर मांडत. रफूताई एक उचलून त्यांच्या हाती देत. ते मुद्रा निर्विकार ठेवून लिहून घेत. निदान तसा प्रयत्न करीत.

अकरा वाजता सात. एक वाजता सात. तीन वाजता सात. पाच वाजता लाइनमनच्या भुवया वर गेल्या.

“तोंड बंद ठेवा,” रफूताई म्हणाल्या.

“मी कुठं बोललो?”

“भुवयांनी बोललात.”

पाचला नऊ होता. साडेसहाला चार. मग त्यांनी सात आणि चार दोन्ही कोटावर ठेवले आणि शेजारच्या खोलीतला साधा पांढरा दिवा लावून दार उघडले. चार नंबरचा धागा उघड्या डोळ्यांना विटकरी दिसत होता, आणि ज्या उजेडात त्या दिवसभर बसल्या होत्या तो पिकल्या आंब्यासारखा पिवळा. इतका पिवळा की हसू यावे. पण वाढते मूल घरच्यांना दिसत नाही, पाहुण्यांना दिसते. उजेड अडीच तासांत कणाकणाने बदलला होता आणि नजर त्याच्या मागोमाग कणाकणाने सरकली होती.

संध्याकाळी धाकटीने फोनवरून ती हिरवी खूण काढून टाकली आणि तिच्याकडे लिहून ठेवलेले पहिल्या खेपेचे आकडे पुन्हा भरले. आई-बाबांनी पुठ्ठा धरला, मागे-पुढे झाले, आणि ‘आई अकरा’ पुन्हा जागेवर बसले. लाइनमननी बटणावर या खेपेला पट्टी लावली नाही. ते बटणच काढून तारा एकमेकींना जोडल्या आणि वर कोरे झाकण बसवले. इथे निदान तार होती.

“चला,” ते म्हणाले, “पाचही दिव्यानं खाल्ले. तुझ्या डोळ्यांवर विनाकारण आळ.”

“चार,” रफूताई म्हणाल्या. “तपकिरी जाकीट चहाआधीचं आहे. तेव्हा दिवा पांढराच होता.”

जाकीट दुरुस्तीसाठी घरातच होते. गुरुवारी सकाळी, खऱ्या उजेडात, त्यांनी त्याच्यासाठी नव्याने धागा निवडला. चिमटे पुन्हा उलटसुलट झाले, पुन्हा निवडला, तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा तोच आला, आणि जिना उतरून दाराशी नेल्यावर तिन्ही वेळा तो लाइनमनना तांबडा दिसला, त्यांना नाही. नवा धागा त्याच जातीचा होता, ज्याने जाकीट फसले होते. मग त्यांनी हाताने उजवा डोळा झाकला. नुसत्या डाव्याने पाहिल्यावर त्यांनाही तो तांबडा दिसला. डावा झाकून उजव्याने पाहिले, तर सगळ्यावर जुन्या कागदाचा पिवळेपणा.

त्या वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. “उजव्यात मोतीबिंदू धरतोय. निळ्या-राखाडीत अजून कळत नाही, तपकिरीत कळतं.”

लाइनमन समोर येऊन बसले. “हे बघ, तेही दिव्यावर घाल ना. माझ्यावर घाल. मास्तरांना काय कळणार आहे? चार तिथं पाच.”

“तुम्ही कधी न झालेल्या बिघाडाची नोंद केलीत?”

“कधीच नाही.”

“किंवा झालेल्याची न केलीत?”

त्यांनी आपली वही मिटली. मग उठले, आणि डोळ्यांच्या दवाखान्याला फोन करून सोमवारची वेळ घेतली.

कोटाचे काम गुरुवारी दुपारी सुरू झाले. खालचे धागे कोटाच्याच आतल्या शिवणीतले, वरचे सात नंबरचे. वीण तिरपी होती. दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, आणि प्रत्येक ओळीला एक पाऊल पुढे. विरलेली जागा बोटाएवढी, पण वाद्याने कापडाला वाक दिला होता आणि तो वाक मोडता कामा नये. सुई चालत राहिली. लाइनमन त्या दिवशी रेडिओ उघडून बसले नाहीत. काही दुरुस्त न करता इतका वेळ बसलेले त्यांना कोणी पाहिले नव्हते. संध्याकाळ झाली, खिडकीतले सरबत आधी गडद आणि मग नाहीसे झाले. टेबलावर अकराच वाजलेले होते.

शुक्रवारी सकाळी मास्तर आले. बसा म्हणायच्या आत ते कोट घेऊन जिन्यात गेले, तो उजेडाकडे धरला, तिरपा केला, हातभर लांब नेला.

“कुठली बाजू होती?” त्यांनी विचारले.

“तुम्हीच दिला होतात.”

“डावी. माहितीये. पण…” त्यांनी डोळे मिटले आणि गळपट्टीवरून अंगठा फिरवला. “हां. इथं. हाताला किंचित जाड लागतंय.”

“पाचशे माणसं अंगठा फिरवणार असतील तर सांगा, उसवते,” रफूताई म्हणाल्या.

मास्तर मोठ्याने हसले. घडी घालता घालता ते म्हणाले, “मग ते पाच कपडे काय होते, ताई? मला तर वाटलं…”

“सांगते. आत या.”

त्यांनी दोन्ही वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. सोळा तारखेची नोंद वाचताना मास्तरांनी लाइनमनकडे पाहिले, आणि लाइनमन गुन्हेगार कबुलीजबाब देतो तसे मान खाली घालून म्हणाले, “रेघ मी अभिमानानं मारली होती.”

“चार दिव्याचे,” रफूताई म्हणाल्या. “ते मी पुन्हा करून देते. राखाडी पँट घरातच आहे, बाकीचे तीन पाठवा. पाचवा माझा. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. सोमवारी दाखवते आहे. काढायला सांगितला तर काढणार. तोवर तपकिरी, मरून, लाल यांतलं काही मी घेणार नाही. निळं, राखाडी, काळं, हिरवं घेईन. आणि प्रत्येक धागा आधी खाली दाराशी जाऊन बघेन, मगच सुईत ओवेन. हे चालत असेल तर काम पाठवा. नसेल तर तसं तोंडावर सांगा, ‘खूप केलंत’ म्हणू नका.”

मास्तर थोडे ओशाळले. चहा पुढे आला होता; तो त्यांनी निम्मा प्यायला. मग तपकिरी जाकीट उचलले, चुकलेला चौकोन पाहिला, खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून त्याच्या मालकाला लावला.

“जाकिटाबद्दल बोलतोय. हो, अजून नाही. आमच्या रफूवाल्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर त्याच करतील. दुसऱ्याकडे? टाकतो की, पण मग डाग कायमचा समजा.” ते ऐकत राहिले. “दोन-तीन महिने लागतील… थंडीआधी नक्की. बरं. ठेवतो.”

फोन खिशात गेला.

“थांबतो म्हणाले. त्यांना थंडीपर्यंत नकोच आहे.” मास्तरांनी कोट बगलेत धरला आणि दारातून वळून विचारले, “आणि तो निळा ब्लेझर? दुपारी पाठवू, की उद्या?”

“आत्ताच पाठवा,” रफूताई म्हणाल्या, आणि निळ्या धाग्यांचा डबा काढायला कपाटाकडे वळल्या.